गुलाबी शेपटीची उंदरीण

चंदरचा उजवा पाय पुठ्ठ्याला चिकटला तेव्हा सकाळचे सहा वाजले होते आणि कमळाबाई मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. घरातनं आधी एक शिवी ऐकू आली, मग पितळी तांब्या गडगडत गेल्याचा आवाज, आणि त्याच्या मागोमाग एक बारीक चिरका आवाज. तो काही चंदरचा नव्हता.

ती आत आली तर नवरा एका पायावर उभा, हात भिंतीला टेकलेला. दुसरा पाय हातभर लांब पुठ्ठ्यावर. पुठ्ठ्याच्या त्या टोकाला एक उंदीर चारी पायांनी डिंकात रुतलेला, आणि चंदर पाय हलवील तसा तोही हिसके खात होता.

"बगतंस काय? सोडव मना."

"हालू नका. तुमी हाललात का त्याची कातडी ओढली जाते."

हा पुठ्ठा चंदरनेच आदल्या दिवशी उल्हासनगरवरनं आणला होता. तिथं कॅम्प पाच या भागात मुकेश नावाचा दुकानदार आहे, त्याने सांगितलं होतं, "काका, एक नंबर आयटम है. रात को रखो, सुबह उठाओ." चंदरने तो रात्री कणगीजवळ ठेवला, आणि सकाळी चहाच्या ओढीने अंधारात नेमका त्याच्यावर पाय दिला.

कमळाबाईने गोडेतेलाची बाटली आणली, फतकल मारून बसली आणि पहिली धार उंदराच्या पायांवर सोडली.

"आगो, आधी नवऱ्याचा पाय."

"तुमचा पाय कुठं पलून जातो? त्याचा जीव चाललाय."

तेल मुरलं तसा डिंक ढिला झाला. तिने फडक्यात धरून उंदराचा एकेक पाय सोडवला, बांधापलीकडे नेऊन ठेवला, तो झुडपात शिरेपर्यंत उभी राहिली, आणि मग येऊन नवऱ्याच्या तळव्याला तेल लावलं. तोवर सून जिज्ञासा उठून दारात आली होती. सासऱ्याची ती अवस्था बघून तिने तोंडाला ओढणी लावली आणि पुन्हा आत गेली.

बदलापूरजवळ बेलवलीच्या पुढं, नदीकडच्या पाड्यावर चंदरचं घर. तीन खोल्या, कौलाचं छप्पर, मागं मोरी, पुढं पडवी. मुलगा कल्पेश अंबरनाथच्या कारखान्यात कामाला. चंदर स्वतः शेती करी, आणि दिवाळीपासून पाऊस लागेपर्यंत पंचक्रोशीतल्या टेनिस बॉलच्या स्पर्धांमध्ये अंपायरिंग करी. मैदानावर त्याने बोट वर केलं की बदलापुरातली मोठमोठी पोरं मुकाट तंबूत जात. घरात मात्र त्याच्या बोटाला कोणी विचारत नसे.

त्या सालात उंदीर फार झाले होते. पण चंदर डिंकावर आला त्याला कारण एकच, कणगी. बांबूची विणलेली, शेणामातीने लिंपलेली ती कणगी घराच्या मधल्या खोलीत उभी होती आणि तिच्यात लाल भाताचं बियाणं होतं. पाड्यावर बाकी सगळ्यांनी दुकानातल्या पिशव्यांचं बियाणं धरलं होतं. लाल भात लोंबीला कमी येतं, उंच वाढून आडवं पडतं, पण त्याच्या भाकरीला जी चव असते ती कमळाबाईला सोडवत नव्हती. दरसाल ती अर्धा एकर तेच लावी. आता कणगीच्या बुडाला मुठीएवढं भोक पडलं होतं आणि रोज सकाळी जमिनीवर तुसांचा सडा दिसे. एकदा ते बियाणं संपलं की कुठल्या दुकानातनं आणणार?

"औषध टाकतो," चंदर तळवा घासत म्हणाला. "दोन दिवसांत खेल खलास."

"नाय टाकाचं. पन्नास वेला सांगितलंय."

त्याला कारण होतं. दोन वर्षांपूर्वी चंदरने औषध टाकलं तेव्हा दोन उंदीर भिंतीच्या पोकळीत जाऊन मेले. कल्पेशच्या हळदीच्या दिवशी घरात असा वास सुटला की पाहुणे मांडवातच जेवून मांडवातनंच परतले. एक उंदीर अंगणात येऊन पडला, तो मांजरीने खाल्ला. कमळाबाईने तिला मांडीवर घेऊन पाणी पाजायचा प्रयत्न केला, पण दुपारपर्यंत ती गेली. त्या दिवसापासून घरात विषाचं नाव काढायचं नाही हे ठरलेलं.

"मंग काय कराचं? पाट मांडून जेवाला वाढू त्यांना?"

"रोहिनी लागाच्या आत मी त्यांना घराभाईर काढते. एकाला बी न मारता. नाय जमलं तं तुमी कराल ते करा, मी तोंड उघडनार नाय."

कमळाबाई तोंड उघडणार नाही, हे ऐकून चंदरने लगेच होकार दिला. रोहिणी नक्षत्राला, म्हणजे पेरणीला, अठरा दिवस होते.

संध्याकाळी कल्पेशने अंबरनाथहून पिंजरा आणला. "आये, टेन्शन नको. हा एकदम सेफ. आत जातो, दार पडतं, सकाळी सोडून द्यायचा." भाकरीच्या तुकड्याला शेंगदाण्याचा कूट लावून पिंजरा ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात एक जाडजूड उंदरीण बसलेली. पळायची धडपड नाही, काही नाही. कूट चाटून साफ केलेला.

जिज्ञासाला काय वाटलं कोण जाणे. तिने नखांना लावायचं पॉलिश आणलं, पिंजऱ्याच्या गजांतनं बाहेर आलेल्या शेपटीच्या मधोमध एक गुलाबी पट्टा ओढला.

"ह्यो काय नटवाचा परकार?" कमळाबाई म्हणाली.

"आई, परत आली तर कळेल ना."

"परत कशी येल? बाबा नदीपल्याड नेऊन सोडनार."

बाबांनी पिंजरा स्कूटरवर पायाशी ठेवला आणि गेले. वीस मिनिटांत परत आले. "लई लांब सोडली," म्हणाले आणि मॅच आहे म्हणून पुन्हा गेले.

त्याच संध्याकाळी नाथा दारात उभा राहिला. नाथा म्हणजे चार घरं सोडून राहणारा, चंदरचा लहानपणापासूनचा सोबती आणि तेवढ्याच वर्षांचा वैरी. चंदरने एका फायनलला त्याला पायचीत दिलं होतं, ते तो अजून विसरला नव्हता.

"वैनी, तुमचा उंदीर माज्या घरात आलाय."

"आमचा कशावरनं?"

"शेपटीला नेलपॉलिश हाय. माज्या घरात मी आनि म्हातारी, दोगंच. आमच्यात कोन लावतं नेलपॉलिश?"

कमळाबाईने चंदरकडं पाहिलं. चंदर आढ्याकडं बघत होता.

"कुठं सोडलीत?"

"मॅचला टाईम जालेला."

"कुठं?"

"नाथाच्या मागच्या कुंपनात," चंदर म्हणाला. "मोकली जागा हाय तिथं."

मग जे भांडण झालं त्यात उंदीर कमी आणि ते पायचीतच जास्त निघालं. कमळाबाईने नाथाला चहा दिला, सुपारी दिली, आणि तो जाताना पायऱ्यांवरनं अजून हात वर करून बॉल कुठे पडला होता ते दाखवत होता.

गंमत पुढेच झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे कमळाबाई चूल पेटवायला उठली तर कणगीमागनं गुलाबी पट्ट्याची शेपटी सरसरत गेली. बाई नाथाकडं एक मुक्काम करून माघारी आली होती.

कमळाबाई चुलीपुढं बराच वेळ बसून राहिली. हिला नदीपल्याड नेली असती तरी हिच्या जागी दुसरी आली असती. घराला दार एक, खिडक्या चार, एवढंच तिला इतकी वर्षं माहीत होतं. उंदरांना त्याच घराच्या आणखी किती वाटा माहीत आहेत, हे तिने कधी बघितलंच नव्हतं.

"आई," जिज्ञासा मागे येऊन बसली. "आमच्या बुवापाड्याच्या चाळीत माझी मम्मी पीठ टाकायची."

"उंदरांना?"

"खायला नाही. जमिनीवर. रात्री पातळ थर टाकायचा भिंतीच्या कडेने. सकाळी पाय उठलेले असतात. कुठून येतात, कुठं जातात, सगळं दिसतं. मग भोकात भांडी घासायची तारेची घासणी कोंबायची, वरनं सिमेंट. कापड कोंबलं तर कुरतडतात. तार दातात अडकते, सोडून देतात."

सून घरात येऊन दोन वर्षं होत आली होती. तिला भात झोडता येत नाही, शेण उचलताना ती तोंड वेंगाडते, हे कमळाबाईने आख्ख्या पाड्याला सांगून झालं होतं. चाळीतल्या पोरीला काही येत असेल असं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. ती उठली, तांदळाच्या पिठाचा डबा काढला आणि सुनेच्या हातात दिला.

"किती पातल टाकाचा?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी गुडघ्यांवर बसून जमीन वाचत होत्या. मोरीच्या पाइपातनं एक वाट. मागच्या दाराखालनं एक. एक वाट भिंतीवरनं खाली उतरलेली, ती वर कौलांपर्यंत गेलेली, आणि कौलांवर आंब्याची फांदी टेकलेली. एक सरपणाच्या ढिगामागनं. आणि सगळ्या वाटा जाऊन मिळत होत्या त्या कणगीपाशी.

"हमरस्ता केलाय मेल्यांनी," कमळाबाई म्हणाली.

मग घरात जे काम निघालं ते लग्नाच्या वेळीही निघालं नव्हतं. कमळाबाई करंगळी घेऊन भिंतीच्या कडेने फिरे. जिथं करंगळी शिरे तिथं जिज्ञासा खडूने फुली मारी. एकोणतीस फुल्या झाल्या. चंदर सिमेंट कालवायला बसला, कारण तो बसल्याशिवाय चहा मिळणार नव्हता. मोरीच्या तोंडाला जाळी बसली. मागच्या दाराला खालून पत्र्याची पट्टी ठोकली. सरपण भिंतीपासून उचलून अंगणाच्या टोकाला, विटांवर रचलं. कोंबड्यांचे दाणे दिवस मावळायच्या आत उचलायचे ठरले. आंब्याची फांदी तोडायची म्हटल्यावर चंदर आडवा आला.

"दोनशे कैऱ्या हायत तिच्यावर."

"मंग दोनशे कैऱ्यांचं लोनचं घालू. फांदी जाल."

फांदी गेली. लोणच्याच्या बरण्या भरल्या.

कणगीचा प्रश्न मोठा होता. बियाणं पत्र्याच्या पिंपात बंद करायला कमळाबाईचं मन होईना. बियाण्याला वारा लागतो, असं तिचं म्हणणं. शेवटी कल्पेशने डोकं लढवलं. त्याच्या कारखान्यातला अनंता पत्र्याची कामं करी. त्याच्याकडनं त्याने उलट्या परातीसारख्या चार गोल टोप्या करून आणल्या. लाकडी घडवंचीच्या चारही पायांना त्या बसवल्या आणि घडवंची भिंतीपासून दोन हात लांब ठेवली. कणगीतलं भात काढून, ऊन देऊन, बूड नव्याने लिंपून ती वर चढवली. उंदीर पायावरनं चढायला लागला की टोपीखाली अडकणार. कडेवरनं वळून वर जायचं त्याला जमणार नाही.

पाड्यावरची माणसं बघायला आली. नाथाही आला. कणगीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "वैनी, टोप्या घातल्यात. आता छत्री बी द्या, पावसाला उपयोग व्हईल." चंदरही त्याच्याबरोबर हसला. कमळाबाईने दोघांना बाहेर काढलं.

राहिलं एक भोक. मागच्या भिंतीच्या कोपऱ्यातलं, मागच्या खोलीतून थेट बाहेर निघणारं. ते कमळाबाईने मुद्दाम ठेवलं होतं. सगळी भोकं बुजवली आणि कोणी आत राहिलं तर ते आतच मरणार, आणि मग पुन्हा तो हळदीच्या दिवशीचा वास. तिने त्या भोकाला बाहेरच्या बाजूने पत्र्याची झडप लावली. आतून ढकललं की उघडे. बाहेरून ढकललं की घट्ट बसे. जाणाऱ्याने जावं, येणाऱ्याला वाट नाही.

संध्याकाळी झडप लावली. सकाळी पिठावर पावलं होती ती फक्त झडपेकडं जाणारी. कणगीखाली एक तूस नव्हतं. कमळाबाईने नवऱ्याला बोलावून दाखवलं. त्याने वाकून बारकाईने पाहिलं. मैदानावर दुसऱ्या अंपायरचा निर्णय तो असाच तपासून बघे.

पण ऊन वर आलं तशी मागच्या भिंतीच्या कोपऱ्यात खरखर सुरू झाली. जिज्ञासाने वाकून पाहिलं आणि सासूला हाक मारली. बाहेरच्या बाजूला, भर उजेडात, गुलाबी शेपटीची उंदरीण झडपेला नखांनी ओरबाडत होती. दोघी चार हात अंतरावर उभ्या, तरी हलेना. कोंबडी अंगावर धावून आली तेव्हा बाजूला झाली आणि लगेच पुन्हा आली.

"हिला काय येड लागलं?" मागनं चंदर म्हणाला.

कमळाबाईने तिच्याकडं नीट पाहिलं. पोटाखाली केस चिकटलेले, स्तन ओढलेले.

"आत बालं हायत हिची," ती म्हणाली. "तवा पोटुशी व्हती, म्हनून नाथाकडनं माघारी आली."

घर पुन्हा उपसलं. माचा हलवला, गोधड्या झटकल्या, भांड्यांची फळी रिकामी केली. शेवटी मागच्या खोलीतल्या लाकडी पेटीचा भिंतीकडचा कोपरा कुरतडलेला दिसला. झाकण उघडलं. आत चंदरचा अंपायरचा पांढरा कोट होता, घडी घातलेला, जिल्हा पातळीच्या एका स्पर्धेत मिळालेला, खिशावर भरतकाम असलेला. मोठ्या मॅचलाच तो काढी. डावी बाही नव्हती. तिचा कापूस झाला होता, आणि त्या कापसात डोळे मिटलेली, बोटाच्या पेराएवढी पिल्लं एकमेकांवर चढून पडली होती.

जिज्ञासा सासऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. चंदर वाकला. त्याने खिशावरच्या भरतकामावर बोट फिरवलं. तिथंच एक पिल्लू निजलं होतं, ते त्याच्या बोटाच्या उबेकडं सरकलं.

"आठ हायत," तो म्हणाला.

"आता तुमी सांगा," कमळाबाई म्हणाली. "कोट तुमचा हाय. रोहिनीला अजून तीन दिवस हायत, पन मी अडवनार नाय."

तिला वाटलं हा आता तांबडा लाल होणार. चंदर खाली बसला. "आय रातभर भाईर व्हती त्यांची," तो म्हणाला. "उपाशी हायत. ती झडप उचल."

झडप कपड्याच्या चिमट्याने वर धरून ठेवली. चंदरने कोट पिल्लांसकट उचलला, हलवू न देता, हातांवर पूजेचं ताट न्यावं तसा, आणि आतल्या बाजूला भोकाशी ठेवला. सगळे खोलीबाहेर आले. चंदर दाराच्या फटीला डोळा लावून बसला. कमळाबाई त्याच्या मागं.

उंदरीण आत आली. कोटावर चढली, थबकली, सगळ्यांना हुंगलं. मग एक मानेला धरून उचललं आणि बाहेर. बांधाकडं.

"एक," चंदर कुजबुजला.

जेवणाची वेळ झाली. कमळाबाईने बोलावलं तर तो हाताने नको म्हणाला. मग नाथा आला, बाहेरनंच मोठ्याने, "चंदर, आरं मॅचला येतोस का नाय?" चंदरने वळून असा हात दाखवला की नाथा पायरीवरच थांबला. चार जाली, चंदरने बोटांनी सांगितलं. नाथाला काय ते कळेना. तो पायरीवर बसला.

सात गेली. आठवं राहिलं. उंदरिणीने त्याला दोनदा ओढून बघितलं, मग ती येईना. कोटाच्या उसवलेल्या दोऱ्यात त्याचा मागचा पाय गुंतला होता. चंदरने जिज्ञासाकडनं भुवया कोरायचा छोटा चिमटा मागून घेतला, चष्मा लावला, आत जाऊन पालथा पडला आणि एकेक दोरा सोडवला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस पोटावर आडवा, श्वास रोखून. कमळाबाईने लग्नाच्या चौतीस वर्षांत त्याला इतकं सांभाळून काही करताना पाहिलं नव्हतं. पिल्लू त्याने चहाच्या चमच्यात घेतलं, भोकाबाहेर पालापाचोळ्यावर ठेवलं आणि मागं सरकला.

बराच वेळ काही झालं नाही. मग बांधाकडनं गवत हललं. ती आली, पिल्लू उचललं, आणि एकदाही मागं न बघता गेली.

चंदर उठला, गुडघे झटकले, स्वतः सिमेंट कालवलं आणि भोक बुजवलं. थापीने गुळगुळीत केलं. मग पडवीत येऊन बसला आणि म्हणाला, "भाकरी वाढ."

नाथा अजून पायरीवरच होता. त्याने विचारलं, "मारलेस किती?"

"एक बी नाय."

"मंग एवरा वेल काय करीत व्हतास?"

"बालं मोजीत व्हतो," चंदर म्हणाला. "आठ व्हती. आठ बी धडधाकट गेली."

नाथाने त्याच्याकडं पाहिलं, मग कमळाबाईकडं पाहिलं. उन्हाने माणसाला असं होतं हे त्याने ऐकलं होतं. कमळाबाईने लाल भाताची भाकरी तव्यावर टाकली आणि नाथाला म्हणाली, "भाऊजी, बसा आता जेवाला. आनि जेवून जालं का तुमच्या घरात फुल्या माराला मी आनि जिज्ञासा येतो. ती नऊ जनं, आय आनि बालं, तुमच्याच घराकडं गेली."